फाळक्यांचा जमाखर्च

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते हे नाशिक जिल्ह्यात कुणाला वेगळं सांगायला नको. रविवारी रात्री त्र्यंबकेश्वरला पोचायचं, कुशावर्तावर स्नान करायचं, त्र्यंबकराजाला नमस्कार करायचा आणि अंधारात चालायला लागायचं. वरून पाऊस, खाली चिखल, पुढेमागे हजारो माणसं आणि वीसेक किलोमीटरची वाट. आमच्या होस्टेलची पोरं दरवर्षी जातात. काही श्रद्धेने जातात, काही गरम भजी खायला जातात. मी यंदा गेलो कारण मला रूमवर झोप येत नव्हती.

त्याचं कारणही सांगून टाकतो. आमच्या मजल्यावर गेलं वर्षभर एकच विषय चालू आहे, तो म्हणजे पैसा. सीनियर लोक सांगतात की त्यांच्या वेळी साखळीच्या स्कीम यायच्या, चार मेंबर जोडा आणि दोन वर्षांत गाडी घ्या. आता तो कारभार मोबाईलवर आलाय, ऑप्शन ट्रेडिंगच्या रूपाने. रूमवर जर्नल कमी आणि श्रीमंत कसं व्हावं याची पुस्तकं जास्त. सगळ्या पुस्तकांचा सूर एकच. पहाटे उठा, नोकरी हा सापळा आहे, जोखीम घ्या, स्वप्न सतत डोळ्यांसमोर ठेवा, आणि पैशाला तुमच्यासाठी कामाला लावा. मीही ती वाचली, पेनने खाली रेघा मारमारून वाचली. आणि आण्णांनी कांद्याच्या पट्टीतून फीच्या दुसऱ्या हप्त्यासाठी पाठवलेले ३८ हजार रुपये मी कामाला लावले. ते कामाला गेले ते परत आलेच नाहीत!

पैसे टाकायच्या आदल्या रात्री माझ्या रूमपार्टनरने मला एक व्हिडिओ दाखवला होता. त्यात एक सुटाबुटातले वक्ते दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगत होते. या माणसाने विम्याची पॉलिसी गहाण टाकली, बायकोचे दागिने मोडले आणि भारतातला पहिला चित्रपट काढला. टाळ्या. मग वक्त्यांनी समोरच्यांना विचारलं की तुम्ही आजवर काय पणाला लावलंय? व्हिडिओ तिथेच संपला. मी मात्र दुसऱ्या दिवशी उत्तर देऊन मोकळा झालो.

फेरी संपवून सकाळी त्र्यंबकमध्ये चहा घेताना एकदम लक्षात आलं की अरे, तो माणूस याच गावचा. मग वाटलं, वक्त्यांनी गोष्ट जिथे थांबवली त्याच्या पुढे काय झालं? कॉलेजवर परत आलो आणि लायब्ररीत फाळक्यांवरची मिळतील ती पुस्तकं काढली. परीक्षेच्या आधीसुद्धा मी एवढा लायब्ररीत बसलो नव्हतो. जे वाचलं ते इथे माझ्या शब्दांत सांगतोय.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. मुलाने शास्त्री व्हावं, पोथी हातात घ्यावी अशीच घरची रीत. पण दाजीशास्त्र्यांना मुंबईला विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवण्याची नोकरी लागली आणि कुटुंब मुंबईला आलं. धुंडिराजाचा ओढा पोथीपेक्षा चित्रांकडे. १८८५ साली तो जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. तिथून थोरल्या भावाकडे बडोद्याला गेला. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन सुरू केलं होतं. ते आजच्या भाषेत आर्ट कॉलेज आणि पॉलिटेक्निक यांचं मिश्रण म्हणा ना! तिथे फाळके चित्रकला शिकले, मूर्ती घडवायला शिकले, वास्तुकला शिकले. कॅमेरा घेतला, फोटो काढायला आणि ते स्वतः धुवायला शिकले. प्राचार्य गज्जर यांनी या धडपड्या मुलाला फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरू दिली. १८९२ साली अहमदाबादच्या प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाचं मॉडेल करून सुवर्णपदकही मिळवलं. मग रतलामला जाऊन तीन रंगांचे ब्लॉक बनवण्याची कला शिकले.

इथपर्यंत वाचून मला वाटलं, हा आपल्यातलाच एक. वर्कशॉपमध्ये रमणारा, आणि एका ब्रँचमध्ये न मावणारा.

शिक्षणानंतरची वीस वर्षं मात्र वाचवत नाहीत. फाळक्यांनी गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा टाकला. १९०० च्या प्लेगमध्ये पत्नी आणि मूल दोघंही गेली. बडोद्याला परत येऊन पुन्हा स्टुडिओ थाटला, तर गावात अफवा की कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो. गिऱ्हाईक येईना. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. बडोद्याला एक जर्मन जादूगार आला होता, त्याच्याकडून जादू शिकले आणि फाळके हे नाव उलटं करून प्रोफेसर केळफा या नावाने जादूचे प्रयोग केले. १९०२ साली दुसरं लग्न झालं. पत्नीचं नाव सरस्वतीबाई. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी मिळाली. म्हणजे सरकारी नोकरी! आजही आपल्याकडे घरोघरी देव पाण्यात ठेवतात ती. फाळक्यांनी ती सोडली आणि लोणावळ्याला छपाईचा व्यवसाय सुरू केला. राजा रविवर्म्यांच्या चित्रांचा छापखाना जवळच मळवलीला होता, त्यांचं काम मिळायचं. पुढे छापखाना दादरला आला, नवे भागीदार आले आणि नाव पडलं लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स. १९०९ साली फाळके जर्मनीला जाऊन रंगीत छपाईची यंत्रं घेऊन आले. काम उत्तम, नाव मोठं, पैसा येतोय. आणि इथेच भागीदारांशी बिनसलं. फाळके सगळं सोडून बाहेर पडले, हाताला काहीही न लागता. चाळिशी उलटलेली, घरात मुलंबाळं, आणि खिसा रिकामा. लक्ष्मी नावाच्या छापखान्यातून हा माणूस लक्ष्मी न घेताच बाहेर पडला.

श्रीमंतीच्या पुस्तकांच्या हिशेबाने इथपर्यंतचं आयुष्य म्हणजे नापासांची मार्कशीट. धंदे तीन-चार, टिकला एकही नाही. पण एक गंमत बघा. चित्रपट काढायला काय काय लागतं त्याची यादी करू. कॅमेरा हाताळता यावा, फिल्म धुता यावी, देखावे रंगवता यावेत, जुन्या वास्तूंची आणि वेशभूषेची जाण असावी, नाटक कळावं, डोळ्यांना फसवायची जादू यावी, यंत्र उघडून पुन्हा जोडता यावं. फाळक्यांना यातलं प्रत्येक काम येत होतं, आणि प्रत्येक काम ते एकेका बुडालेल्या धंद्यात शिकले होते. भांडवल जमतच होतं, फक्त ते बँकेच्या पासबुकात दिसत नव्हतं.

१९१०-११ च्या सुमारास गिरगावातल्या एका तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचं चलच्चित्र पाहिलं. पडद्यावर ख्रिस्त, आणि फाळक्यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण! परदेशी लोक त्यांचा देव पडद्यावर आणू शकतात तर आपले देव आपल्या माणसांनी आपल्या देशात का आणू नयेत? तो स्वदेशीच्या चळवळीचा काळ होता, आणि ही कल्पना त्यांच्या डोक्यात बसली ती बसलीच. त्यांनी कॅटलॉग मागवले, चलच्चित्राची लहानसहान साधनं आणली, महिनोन्‌महिने रोज चार-चार, पाच-पाच तास चित्रपट बघितले आणि उरलेल्या वेळात प्रयोग केले. झोप जेमतेम. शेवटी डोळ्यांनी संप पुकारला आणि काही काळ दिसेनासं झालं. डॉक्टरांच्या उपचारांनी दृष्टी परत आली आणि लगेच हे पुन्हा कामाला लागले.

पण इंग्लंडला जाऊन यंत्रसामग्री आणल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हतं. त्याला पैसे हवेत. इथे ती प्रसिद्ध पॉलिसी येते. सुमारे १२ हजार रुपयांची विम्याची पॉलिसी तारण ठेवून त्यांनी १० हजारांचं कर्ज काढलं आणि १ फेब्रुवारी १९१२ ला बोटीत बसले. लंडनला ओळख ना देख. बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाच्या कचेरीत थेट संपादकांना जाऊन भेटले. संपादकांनी आधी, हा धंदा तुमच्याकडे जमणं कठीण आहे असं सांगून परावृत्त करायचा प्रयत्न केला, पण या माणसाची तयारी बघून मदतही केली. सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ बघायला मिळाला. ५० पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेतला, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेतलं, कोडॅकच्या कच्च्या फिल्मची ऑर्डर दिली आणि १ एप्रिलला फाळके परत मुंबईत हजर. लंडनमधला मुक्काम फक्त दोन आठवड्यांचा. आपण इंडस्ट्रियल व्हिजिटला जातो तेव्हा दोन दिवस तर गाडीत भेंड्या खेळण्यात जातात.

परत आल्यावर त्यांनी जे केलं त्याबद्दल वक्त्यांच्या व्हिडिओत अक्षरही नव्हतं. मला मात्र सगळ्या चरित्रातला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटला. फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा ठेवला आणि रोज थोडी थोडी फिल्म घेत राहिले. कोंब फुटला, पानं आली, वेल वर चढला. पडद्यावर दाखवल्यावर आठवड्यांची वाढ डोळ्यांदेखत झाली. आज आपण मोबाईलवर टाइमलॅप्स करतो तोच हा प्रकार. ही छोटीशी फिल्म त्यांनी निवडक मंडळींना दाखवली, आणि ती बघून पैसे देणारा माणूस पुढे आला. म्हणजे आधी काम दाखवलं, मग पैसे मागितले. हवेत स्वप्न विकलं नाही, वाटाणा उगवून दाखवला.

आता सरस्वतीबाई. मुख्य चित्रपटासाठी पैसे कमी पडले तेव्हा त्यांनी आपले दागिने गहाण ठेवायला दिले. पण त्यांचा वाटा दागिन्यांपुरता नव्हता. त्या काळी कच्च्या फिल्मला दोन्ही कडांची भोकं नसायची, ती घरी हातयंत्राने आणि अंधारात पाडावी लागत. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३,७०० फूट. पस्तीस मिलिमीटर फिल्मला एका फुटात १६ चौकटी, आणि एका चौकटीला दोन्ही बाजूंची मिळून ८ भोकं. गुणाकार केला तर ४ लाख ७३ हजार ६०० होतात. ही फक्त एका प्रतीची. हे काम रात्री सरस्वतीबाई करायच्या. दिवसा सगळ्या कंपनीचा स्वयंपाक करायच्या, शूटिंगच्या वेळी उन्हाचा उजेड वळवायला पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या. फिल्म धुण्याची रसायनंसुद्धा त्यांना हाताळता येत होती. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. घर म्हणजेच कारखाना. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, तेव्हा एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या तरुणाला साडी नेसवली. चित्रपटात काम करतो म्हटलं की लोक नाकं मुरडायचे, म्हणून नटांना सांगून ठेवलं होतं की कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरी आहे असं सांगा. पुढे २००९ साली परेश मोकाशी यांनी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा चित्रपट काढला, त्याचं नाव यावरूनच आलं.

३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि चालला. वक्ते इथे थांबतात. टाळ्या!

आपण पुढे जाऊ. त्याच वर्षी फाळके नाशिकला आले आणि इथेच पुढचे चित्रपट काढू लागले. म्हणजे आपल्या नाशिकला एकेकाळी चित्रपटांचा कारखाना होता. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी काम केलं, आणि पडद्यावर बाईचं काम बाईने करायला सुरुवात झाली. १९१४ मध्ये 'सत्यवान सावित्री' आला. पैसा मिळत होता. त्याच वर्षी फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथल्या लोकांनी त्यांच्या तंत्राचं कौतुक केलं आणि इंग्लंडमध्येच राहून चित्रपट काढण्याचा प्रस्ताव दिला, चांगला मोबदला आणि नफ्यात वाटा. विचार करा, कॅम्पस इंटरव्ह्यूमध्ये लंडनची ऑफर! फाळक्यांनी ती नाकारली. हा धंदा आपल्या देशात उभा करायचा म्हणूनच तर सगळा खटाटोप केला होता.

ते परत येईपर्यंत पहिलं महायुद्ध सुरू झालं. कच्ची फिल्म मिळेना, सावकारांनी हात आखडले. डोक्यावर कर्ज चढलं. जो पैसा आला होता तो सगळा पुढच्या चित्रपटात घातलेला, अडीअडचणीला बाजूला ठेवलेलं असं काहीच नाही. लोकमान्य टिळक आणि काही मोठे उद्योगपती मदतीला आले, लिमिटेड कंपनी काढण्याची बोलणी झाली, पण ती पार पडली नाहीत. कसाबसा तग धरून फाळक्यांनी १९१७ साली 'लंकादहन' काढला. त्यात अण्णा साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. या चित्रपटाला अशी गर्दी लोटली की तिकिटांची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीतून न्यावी लागली असं सांगतात. कुणाला व्हिडिओ इथे संपवायचा असेल तर तोही छान संपेल.

१ जानेवारी १९१८ ला भांडवलदार भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. फाळक्यांची मूळ कंपनी तिच्यात विलीन झाली. 'श्रीकृष्ण जन्म' आला, 'कालिया मर्दन' आला, आणि त्यांची मुलगी मंदाकिनी हिने केलेला बाळकृष्ण लोकांनी डोक्यावर घेतला. नफा लाखांत गेला. आणि पुन्हा तेच, भागीदारांशी बिनसलं. त्यांचं म्हणणं, फाळके खर्च फार करतात, वेळ फार लावतात. फाळक्यांचं म्हणणं, पैसेवाल्यांना चित्रपटातलं कळत नाही. मला वाचताना दोघांचंही थोडं थोडं पटलं. ज्यांनी पैसा घातला त्यांनी हिशेब विचारणं काही पाप नाही. पण जो माणूस छापखान्यातून रिकाम्या हाताने बाहेर पडला होता, तोच माणूस आठ-दहा वर्षांनी दुसऱ्या भागीदारीतही त्याच दगडाला ठेचकाळला. ते सगळं सोडून बायकामुलांसह काशीला निघून गेले. तिथे 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं, ते १९२२ मध्ये रंगमंचावर आलं. त्यावर काही प्रपंच चालेना. शेवटी त्याच वर्षी ते हिंदुस्थान कंपनीत परत आले, पगारी माणूस म्हणून. जी कंपनी आपल्या कामावर उभी राहिली, तिच्यातच नोकर! रोज सकाळी त्या फाटकातून आत जाताना त्यांना काय वाटत असेल?

मग १९३१ मध्ये 'आलम आरा' आला आणि चित्रपट बोलू लागला. फाळक्यांचा 'सेतुबंधन' हा मूकपट तेव्हा तयार होत होता, त्यावर नंतर आवाज चढवावा लागला. एका रात्रीत जुनी टेक्नॉलॉजी बाद झाली. कोल्हापूरच्या राजाराम महाराजांनी त्यांना बोलावलं आणि कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी १९३७ साली 'गंगावतरण' हा बोलपट केला. ब्रह्मगिरीवर जिथे गोदावरी उतरली असं आपण मानतो, त्या गावच्या माणसाचा हा शेवटचा चित्रपट. नव्वदहून जास्त चित्रपट आणि शिवाय लघुपट काढून वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी फाळके नाशिकला घरी आले.

घरी म्हणजे कुठे? स्वतःचं घर नव्हतं! १९३८-३९ च्या सुमारास भारतीय चित्रपटाच्या रौप्यमहोत्सवाचा समारंभ झाला. ज्याने हा धंदा सुरू केला तो म्हातारा त्या समारंभात एका बाजूला बसून होता, फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. व्ही. शांताराम यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी उपस्थितांना मदतीचं आवाहन केलं, जमलेली रक्कम अपुरी होती म्हणून प्रभात कंपनीकडून भर घातली आणि पाच हजार रुपये फाळक्यांच्या हाती दिले. त्यातून नाशिकच्या गोळे कॉलनीत एक छोटं घर झालं. त्याचं नाव हिंद सिनेमा जन्माश्रम. शेवटपर्यंत या माणसाला नवा चित्रपट काढायचा होता. युद्धकाळात त्याला सरकारी परवाना लागत असे, तो मागितला, मिळाला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये फाळके वारले. फारसा गाजावाजा झाला नाही. १९६९ पासून त्यांच्या नावाने देशाचा चित्रपटातला सर्वोच्च पुरस्कार दिला जातो. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी स्मारकही आहे. आपण तिथे बर्थडेचे फोटो काढायला जातो.

आता जमाखर्च मांडू. श्रीमंतीच्या पुस्तकांनी सांगितलेल्या सवयी घ्या आणि फाळक्यांच्या नावापुढे खुणा करत जा. नोकरी सोडली? हो. जोखीम घेतली? हो. स्वप्न रात्रंदिवस डोळ्यांसमोर ठेवलं? डोळे जाईपर्यंत ठेवलं. अपयशाने खचले नाहीत? अजिबात नाही. शंभरपैकी शंभर मार्क, आणि तरी शेवटी घर झालं ते मदतीच्या पैशातून. मग पुस्तकं काय सांगतात? ती आधी श्रीमंत झालेला माणूस शोधतात आणि मग त्याच्या सवयी मोजतात. त्याच सवयींचे, पण न झालेले, मोजायचे राहून जातात. आपल्या लॅबमध्ये असं रीडिंग घेतलं तर मास्तर जर्नल फेकून देतील. ऑप्शनच्या धंद्यातले न झालेले सेबीने मोजले आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनच्या बाजारात उतरलेल्या साध्या माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. मी त्या ९३ मधलाच, फक्त थोडा उशिरा आलेला.

पण म्हणून फाळक्यांची गोष्ट सावध राहा एवढंच सांगते, असंही मला वाटत नाही. कागदावर अटी नीट ठरवायला, चार पैसे बाजूला ठेवायला हवे होते, हे खरंच आहे. ते केलं असतं तर म्हातारपण सुखाचं गेलं असतं. त्यात हुतात्मा होण्यासारखं काही नाही. पण त्यांच्या जोखमीत आणि माझ्या जोखमीत जो फरक आहे तो रकमेचा नाही. एक म्हणजे, त्यांनी पैसा अशा कामात घातला जे त्यांना हाताने येत होतं. पैसा बुडला तरी काम शिल्लक राहायचं. माझे पैसे गेले तेव्हा माझ्याकडे स्क्रीनवरच्या लाल आकड्याशिवाय काहीही उरलं नाही. आणि दुसरं, सरस्वतीबाईंना सगळं माहीत होतं. कॅमेरा कशासाठी, कर्ज किती, बुडालं तर काय, सगळं. दागिने त्यांनी जाणून दिले आणि मग स्वतः अंधारात बसून भोकं पाडली. हरिश्चंद्राच्या कथेत राजा शब्द पाळण्यासाठी बायकोमुलाला विकतो. तो चित्रपट काढणाऱ्याच्या घरात मात्र बायको भागीदार होती. फाळक्यांच्या इतक्या भागीदाऱ्या मोडल्या, ही एकच टिकली.

आणि माझे आण्णा? त्यांना वाटत होतं की फी भरलेली आहे. ज्यांचे पैसे पणाला लागले त्यांनाच मी खेळात घेतलं नव्हतं.

पुस्तक मिटवलं त्या रात्री मी मेसच्या मागे जाऊन घरी फोन लावला आणि आण्णांना खरं काय ते सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं की जेवलास का. त्या एका प्रश्नाने मला जेवढं लागलं तेवढं रागावण्याने लागलं नसतं. फीसाठी मुदत मागितली आहे, संध्याकाळी एका दुकानात मोटारी रिवाइंड करायचं काम धरलं आहे. दर महिन्याला थोडे थोडे फेडतोय. हाताला एक काम येऊ लागलंय, ते जमेच्या बाजूला.

रूमपार्टनर अजून व्हिडिओ बघतो. त्याला मी उपदेश करत नाही, तो अधिकार मी गमावलाय. एवढंच सांगितलं की वक्ते जिथे थांबले त्याच्या पुढचं पुस्तक माझ्या टेबलावर आहे, पुढच्या सोमवारपर्यंत लायब्ररीत परत करायचंय. परवा रात्री उशिरा जाग आली तेव्हा त्याच्या बाजूचा दिवा चालू होता आणि टेबलावर पुस्तक नव्हतं.